महाविद्यालयीन आवारातील आणीबाणी व हल्ले
महाविद्यालयाच्या आवारात कुणी अचानक कोसळल्यास किंवा कुणावर हल्ला झाल्यास करावयाची तातडीची कार्यवाही अशी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. प्राचार्यांच्या परवानगीची वाट पाहत बसू नये. जो जवळ असेल त्यानेच फोन लावावा. दुसऱ्याने फाटकाशी थांबून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी.

मैदानावर कोसळलेला विद्यार्थी हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी. खोल दाब द्यावेत. फेफरे आल्यास तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवू नये. कुशीवर वळवून वेळ मोजावी. झटके ५ मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णवाहिका बोलवावीच.

लैंगिक अत्याचारात पीडितेची सुरक्षितता आणि संमती सर्वांत आधी. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा नासतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बलात्कार व अॅसिडहल्ल्यातील पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे, तर कलम १७३ मुळे कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती ही पोलीस तक्रारीला पर्याय नव्हे. संस्थेच्या नावासाठी प्रकरण आपसात मिटवणे हा पीडितेवरचा दुसरा अन्याय होय.