ताराबाई आणि अनुताई

मैत्री म्हटली की बरोबरीच्या वयाची माणसं डोळ्यासमोर येतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यात मात्र १८ वर्षांचं अंतर! १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं तेव्हा ताराबाई ५३ वर्षांच्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून नावारूपाला आलेल्या. अनुताई ३५ च्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या शिक्षिका. गुरू-शिष्या म्हटलं की विषय संपतो, पण मला ते पुरेसं वाटत नाही. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात न्यायची... हे एकटीला सुचेलही, एकटीनं निभत नाही. (अंगणवाडी हा शब्द आज आपण किती सहज वापरतो!) १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये.

१९७३ ला ताराबाई गेल्या. २८ वर्षांची सोबत. स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं एकच माणूस पाहिलेल्यांना हा आकडा कळेल. अनुताईंनी कोसबाडचं काम सोडलं नाही. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ताराबाई नव्हत्या. १९९२ मध्ये त्याही गेल्या; तोवर आणखी १९ वर्षं.