बंगळूर छावणीतला गोळ्यांचा रस्सा

पुण्यात जसे शहर वेगळे आणि लष्कर वेगळे, तशी बंगळुरातही दीर्घकाळ दोन नगरे शेजारी-शेजारी नांदली. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेली पेठ हे त्यांतले एक. शहाजीराजांच्या जहागिरीचे बंगळूर म्हणून मराठी माणसाला ठाऊक आहे ते हेच. दुसरे नगर इंग्रजांच्या छावणीचे. श्रीरंगपट्टणची रोगट हवा फौजेला मानवेना, म्हणून १८०९ मध्ये पेठेच्या पूर्वेस ही छावणी वसली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत गेले. छावणी मात्र ब्रिटिश रेसिडेंटाच्याच अमलाखाली राहिली. दोन्ही नगरांचा कारभार एका महापालिकेत यावयास १९४९ साल उजाडावे लागले.

या छावणीचा इतिहास सरकारी दप्तरांत आहे, तसाच तो तेथल्या चुलीवरही शिजला आहे. रेल्वे, तारखाते आणि फौजेची कोठारे यांत चाकरी करणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या घरी रविवारी एक ठरावीक जेवण होई : खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा, नारळाच्या दुधात शिजवलेला पिवळा भात आणि कांद्याची लालभडक तिखट चटणी. त्या रश्श्याला ते ‘बॉल करी’ म्हणत. यातला ‘बॉल’ हा शब्द काही सोवळ्या वडीलधाऱ्यांना अशिष्ट वाटे. ते त्याला ‘बॅड वर्ड करी’, म्हणजे वाईट शब्दाची करी, असे म्हणत!

या पदार्थाची घडण पाहण्यासारखी आहे. इंग्रजांच्या घरी रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजीत आणि त्यातून सुटलेल्या रसात पीठ मिसळून दाट ग्रेव्ही करीत. त्यासाठी उत्तम मांस हवे आणि भट्टीही हवी. बेताच्या पगारात मोठे कुटुंब पोसणाऱ्या गृहिणीला हा थाट रोज परवडणारा नव्हता. गोमांस मटणापेक्षा स्वस्त पडे. त्यातला चिवट भागही बारीक केला की मऊ शिजे. ‘खिमा’ हा शब्द मुळात तुर्की. त्याचे गोळे वळण्याची रीत मुसलमानी स्वयंपाकातल्या कोफ्त्याची, आणि ‘कोफ्ता’ म्हणजे फारसीत कुटलेले. ‘करी’ तमिळ भाषेतून आलेली. खिम्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून गोळे वळावयाचे. कांदा, आले-लसूण, धने, तिखट आणि टोमॅटो परतून नारळाचे दूध घालावयाचे. रस्सा खळखळू लागला की गोळे एकेक करून सोडावयाचे. गोळा घट्ट होईपर्यंत पळी घालावयाची नाही, भांडेच अलगद हलवावयाचे. रश्श्याला दाटपणा येतो तो कांद्याने आणि नारळाने. पिठाची गरजच उरत नाही. इंग्रजी रविवार असा दक्षिणेच्या मसाल्यात मुरला.

राज्यकर्त्यांनी पेठ आणि छावणी यांच्यामध्ये जी सीमा राखली, ती या भांड्याने कधीच ओलांडली होती. परंतु ज्यांनी हा मेळ घातला, त्यांची स्वतःची जागा मात्र अनिश्चित राहिली. गोरे त्यांना आपले म्हणत नसत, आणि एतद्देशीयही त्यांना परकेच समजत. १८८२ मध्ये महाराजांनी दिलेल्या जमिनीवर बंगळूरजवळ व्हाइटफील्डची वसाहत उभी राहिली, ती याच समाजाला हक्काचे गाव असावे म्हणून. १९४७ नंतर पुष्कळ कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. लोकसभेतील त्यांच्या नामनियुक्त जागांची तरतूद २०२० मध्ये संपली. छावणीतली ब्लॅकपल्ली शिवाजीनगर झाली, आणि व्हाइटफील्डच्या बंगल्यांभोवती संगणक-कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या.

भांड्यातले मांसही पालटले. कर्नाटकात २०२१ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने गाय, बैल व वासरू यांच्या कत्तलीस बंदी घातली. तेरा वर्षांवरील म्हशी-रेडे तेवढे वगळले. मटणाच्या खिम्याचा तोच रस्सा पूर्वीही होत असे, आणि आजही होतो. मांस बदलले, तरी कांदा-नारळाचा दाट रस, पिवळा भात आणि रविवारची पंगत कायम राहिली. एखादा लहान समाज पांगतो, तेव्हा त्याच्या वास्तू आणि जागा प्रथम हातच्या जातात. पाककृती मात्र आईकडून लेकीकडे जाते आणि समुद्रापारही टिकते. बंगळूरच्या छावणीचा इतिहास लिहिताना म्हणूनच फौजांच्या नोंदींबरोबर या रश्श्याचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.