बेरियम, सल्फेट आणि ट्रॉम्बेची काच

अंबडची शाळा असो की मुंबईचे महाविद्यालय, सल्फेट ओळखण्याची कसोटी एकच. द्रावणात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायचे. पांढरा अवक्षेप बसतो आणि तो विरल हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळत नाही. निरीक्षण लिहिले की वही मिटते. बेरियम-सल्फेटची हीच जवळीक भाभा अणुसंशोधन केंद्रातील काच तयार करणाऱ्यांच्या उपयोगी पडली, ती हकीकत अशी.

ट्रॉम्बे येथे 1964 मध्ये वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना सुरू झाला. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून हवे ते काढून घेतले, की मागे अतिशय किरणोत्सारी द्रव उरतो. त्यातील सीझियम-137 चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षे. 300 वर्षांनीही मूळच्या हजारावा भाग उरणारच. एवढा काळ टाकीतल्या द्रवावर विसंबून कसे चालेल? तो काचेत बांधायचे ठरले.

काचच का? झाखारियासेनने 1932 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार काचेत सिलिकॉन व ऑक्सिजनची चतुष्फलके कोपऱ्यांना जोडलेली असतात, पण स्फटिकासारखी रांगेत नव्हे. या वेड्यावाकड्या जाळ्यात लहानमोठे अनेक आयन सामावतात. बोरॅक्सच्या मण्यात कोबाल्टचा कण विरघळून निळा रंग येतो, तो याच गुणामुळे. बोरॉन घातल्याने काच कमी तापमानाला वितळते, म्हणून बोरोसिलिकेट काच निवडली गेली. तारापूरला असा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला.

ट्रॉम्बेच्या द्रवाची गोष्ट मात्र वेगळी होती. प्लुटोनियमच्या क्षपणासाठी तेथे फेरस सल्फामेट वापरले जाई, त्यामुळे कचऱ्यात सल्फेट आले. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत ते जेमतेम एक टक्का मावते. उरलेले वितळलेल्या काचेवर क्षाराचा वेगळा थर होऊन तरंगते. हा थर पाण्यात विरघळतो आणि नेमके सीझियमच त्यात जाऊन बसते! म्हणजे ज्याला कोंडायचे, तोच दाराबाहेर.

केंद्रातील संशोधकांनी काचेत बेरियम ऑक्साइड घातले. सल्फेट आता अधिक मावू लागले. जास्त झालेच तर वेगळे होते ते बेरियम सल्फेट, आपल्या परीक्षानळीतला तोच हट्टी अवक्षेप. चुंबकीय अनुस्पंदनाने सिलिकॉन व बोरॉनच्या अणूंचा शेजार तपासला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सल्फेट आयन सोडियम-बेरियमला आपल्याकडे ओढतात, त्यामुळे त्यांनी तोडलेले जाळ्याचे दुवे काही प्रमाणात पुन्हा जुळतात. माझ्या मते या कामातला हाच सर्वांत सुंदर भाग, कारण एरवी सल्फेटने काच बिघडणार असेच कोणीही म्हटले असते.

या काचेवरील शोधनिबंध 2006 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ट्रॉम्बेच्या कारखान्यात, जो 2002 मध्ये सुरू झाला होता, हीच बेरियमयुक्त काच सल्फेटवाल्या कचऱ्यासाठी वापरात आली. वितळलेली काच गंजरोधक पोलादाच्या डब्यांत ओततात. आतल्या किरणोत्सारामुळे ती काच गरम राहते, म्हणून डबे काही दशके हवेने थंड ठेवावे लागतात. त्यानंतर ते खोल खडकात पुरायचे आहेत. ती जागा अजून ठरलेली नाही.