कुठले नाईक?

लग्नाच्या बोलणीत ‘आम्ही नाईक’ एवढ्यावर भागत नाही. ‘कुठले नाईक?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पाटील-देशमुखांनाही तो चुकत नाही; पण पाटीलकीला गाव लागतो, देशमुखीला परगणा. नाईक व्हायला हाताखाली चार माणसे असली की पुरे. म्हणून हे आडनाव इतके पांगले.

मूळ शब्द ‘नायक’, म्हणजे पुढे चालणारा. शिवकाळातल्या पायदळात नऊ पाइकांवर दहावा नाईक असे आणि पाच नाइकांवर एक हवालदार. उतरंडीतली ही अगदी खालची पायरी. दक्षिणेत मात्र विजयनगरचे नायक मदुरा, तंजावर, इक्केरी इथे राजे होऊन बसले. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना आसरा देणारी राणी चेन्नम्मा याच इक्केरीच्या नायक घराण्यातली. म्हैसूरचे राज्य बळकावलेल्या हैदर अलीला मराठी कागदपत्रांत शेवटपर्यंत ‘हैदर नाईक’च म्हटले आहे. त्याची जुनी पायरी त्याला विसरू द्यायची नाही, एवढा खवचटपणा त्यात असावाच!

फलटणच्या निंबाळकरांनी ‘नाईक’ हा किताब आडनावाच्या आधी लावला आणि आडनावही जपले. सईबाईंचे माहेर हेच. बारामतीच्या जोशी सावकारांचेही तसेच. बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई या घरात दिलेली. याच घरातल्या बाबूजी नाइकांनी १७४० मध्ये थेट पेशवेपदावर डोळा ठेवला होता. पैशाच्या जोरावर नाईक झालेले हे घर. पाइकांशी त्यांचा काय संबंध?

इतरांच्या बाबतीत मात्र पदाने आडनाव गिळले. १८३२ मध्ये इंग्रजांनी पुण्यात फाशी दिलेले उमाजी नाईक मूळचे खोमणे. पुरंदरच्या मुलखातले हे रामोशी. गडांची आणि गावांची राखण करणाऱ्या रामोशाला गावकरी मानाने ‘नाईक’ अशी हाक मारत. हाकेचेच पुढे आडनाव झाले आणि आज खोमणे फार थोड्यांना आठवतात. सातपुड्याच्या बाजूला १८५७ मध्ये उठलेला भिल्ल पुढारी खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत सेंधव्याचा घाट राखत होता. काम तेच आणि मानाचे नावही तेच. मात्र रामोशी आणि भिल्ल यांची सोयरीक नाही.

बंजाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. लमाणांचा तांडा बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरे. मुक्काम कुठे टाकायचा, वाट कोणती धरायची, भांडण कसे मिटवायचे, हे तांड्याचा नाईक ठरवी. जोडीला कारभारी असे. तांडा स्थिरावला तरी नाईक राहिलाच, आणि कित्येक तांडे आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्याचे नाईक फुलसिंग. त्यांचे पुत्र वसंतराव ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. तांड्याचे नाईकपण मंत्रालयापर्यंत पोचले ते असे.

गोव्यात तर एकाच वाड्यावर वेगवेगळ्या जातींचे नाईक शेजारी-शेजारी सापडतील. तिथे नुसत्या आडनावावरून जात ओळखायला जाणारा हमखास तोंडघशी पडतो. माझ्या मते ही या आडनावाची सर्वांत चांगली बाजू.

तेव्हा तुम्ही नाईक असाल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी कुलदैवत आणि ‘नाईक’च्या मागचे जुने आडनाव विचारून ठेवा. जमिनीचे जुने फेरफार आणि आजोबांचा शाळेचा दाखलाही काढून बघा. जुने आडनाव हरवले असले, तरी नाईक हे पद मात्र अजून जिवंत आहे. भारतीय सैन्यात लान्स नायक आणि हवालदार यांच्या मध्ये नायक असतो आणि त्याच्या दंडावर दोन फिती असतात.