केईएममधले ते तीन तास

केप टाऊनला जगातले पहिले हृदय प्रत्यारोपण होऊन अडीच महिने उलटतात न उलटतात, तोच १६ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण होता २७ वर्षांचा शेतकरी. नवे हृदय धडधडले आणि सुमारे तीन तासांनी थांबले.

कारण फुफ्फुसांत होते. जुन्या विकाराने तिथल्या रक्तवाहिन्यांचा रोध वाढलेला. निरोगी दात्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याची सवय कुठून असणार? त्याच वर्षीचा दुसरा रुग्णही याच कारणाने, काही तासांतच दगावला. या प्रयत्नांना निव्वळ अपयश म्हणणे मला उतावळेपणाचे वाटते. आज प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्यापूर्वी कॅथेटर घालून हा रोध मोजतात. तो फार असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर नुसते हृदय बदलायला शल्यविशारद सहसा धजत नाहीत.