बालदंतचिकित्सेतील प्रतिजैविकांचा वापर

बालदंतचिकित्सेतील प्रतिजैविकांचा वापर हा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा विषय असून, लहान मुलांच्या दातांच्या व हिरड्यांच्या जंतुसंसर्गात प्रतिजैविक केव्हा, कोणते व किती द्यावे याचा त्यात विचार होतो.

शिक्षण

भारतात बी.डी.एस. अभ्यासक्रमात औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी, तर बालदंतचिकित्सा अंतिम टप्प्यात शिकवली जाते. या अंतरामुळे मात्रेचे ज्ञान प्रत्यक्ष रुग्णापर्यंत नेणे विद्यार्थ्यांना अवघड जाऊ शकते. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांची समज तपासण्यासाठी सहसा ज्ञान, दृष्टिकोन व आचरण यांवरील प्रश्नावली वापरतात.

केव्हा द्यावे

दातातील मगजाचा दाह, केवळ दातदुखी किंवा हिरडीवरील मर्यादित गळू यांत प्रतिजैविकाची सहसा गरज नसते. मगजावरील उपचार, पू काढणे किंवा दात काढणे हाच मूळ इलाज होय. ताप, चेहऱ्यावर पसरणारी सूज किंवा गिळण्यास त्रास असल्यास मात्र प्रतिजैविक आवश्यक ठरते. श्वासास अडथळा असल्यास मुलास तातडीने रुग्णालयात हलवावे लागते. हृदयदोषाच्या काही विशिष्ट प्रकारांत, रक्तस्राव होणाऱ्या दंतोपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे प्रतिबंधक मात्रा देतात.

मात्रा

मुलांची मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरवतात. उदाहरणार्थ, ॲमॉक्सिसिलिन दररोज प्रतिकिलो ३० मिलिग्रॅम धरल्यास १५ किलोच्या मुलास दिवसाला ४५० मिलिग्रॅम, म्हणजे दर आठ तासांनी १५० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचे हे ६ मिलिलिटर होतात. २५० मिलिग्रॅमच्या औषधाचे ३ मिलिलिटर. म्हणून चिठ्ठीवर केवळ 'एक चमचा' न लिहिता औषधाची तीव्रता व मिलिलिटर लिहिणे आवश्यक असते. पेनिसिलिनची ॲलर्जी आधी विचारावी लागते. टेट्रासायक्लिनमुळे वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात; म्हणून ते आठ वर्षांखालील मुलांत टाळतात.

प्रतिरोध

अनावश्यक वापरामुळे जिवाणूंमध्ये औषधप्रतिरोध वाढतो, शिवाय मुलांना जुलाब व ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. ॲमॉक्सिसिलिन त्यांपैकी प्रथम पसंतीच्या गटात मोडते. भारतानेही त्याच वर्षी प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. भारतात प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे.