बॅटलिंग सिकी : नुरा कुस्ती मोडणारा सेनेगलचा जगज्जेता

मुष्टियुद्ध म्हटलं की आपल्या समाजात एकच नाव निघतं, मुहंमद अली. मी मराठीही शिकवतो आणि उर्दूही. दोन्ही तासांना ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध दिला की क्रिकेटवाल्यांच्या गर्दीतून दोन-तीन वह्या हमखास अलीच्या निघतात. त्यात वावगं काहीच नाही. १९६४ साली सनी लिस्टनला हरवणारा, १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार देऊन किताब गमावणारा आणि १९७१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात खटला जिंकणारा माणूस लिहिण्याजोगा आहेच. पण अलीच्या बेचाळीस वर्षं आधी, पश्चिम आफ्रिकेतल्या एका मुस्लिम शहरात जन्मलेला माणूस जगज्जेता झाला होता. आमच्या मुलांना तो माहीत नाही. मोठ्यांनाही नाही.

रिंगमधलं त्याचं नाव बॅटलिंग सिकी. कागदोपत्री लुई म्बारिक फाल, काही ठिकाणी अमादू म्बारिक फाल. अमादू म्हणजे आपला अहमद, आणि म्बारिक म्हणजे मुबारक. पश्चिम आफ्रिकेच्या जिभेवरून गेल्यावर अरबी नावं अशी वळण घेतात. आपल्याकडे इब्राहिमचा इब्राम होतो, तसंच.

त्याचा जन्म १६ सप्टेंबर १८९७चा, सेनेगलमधल्या सेंट लुई या शहरातला. या शहराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढे सगळी गोम इथेच आहे. सेंट लुई सेनेगल नदीच्या मुखाशी वसलेलं बंदर. तेव्हा फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी तिथेच होती. १८८५ साली तिथून डाकारपर्यंत रेल्वे धावू लागली होती, आणि सिकी जन्मला त्याच १८९७ साली नदीवरचा अर्धा किलोमीटर लांबीचा लोखंडी पूल खुला झाला. मशिदी होत्या, चर्च होतं, कचेऱ्या होत्या. सेनेगलमधल्या ज्या चार शहरांतल्या स्थानिक लोकांना फ्रेंच संसदेसाठी मतदान करता येई, त्यांतलं हे एक. म्हणजे हा मुलगा शहरात जन्मला, आणि पुढे फ्रान्समध्ये गेला तोही शहरातच. हे लक्षात ठेवा.

लहानपणीच तो फ्रान्सला गेला. एका युरोपियन नर्तकीने त्याला सोबत नेलं आणि पुढे तो एकटा पडला, अशी कथा सांगितली जाते. या कथेला प्रत्येक वार्ताहराने आपापलं मीठमसाला लावलेलं आहे, त्यामुळे मी त्यात शिरत नाही. मार्सेलसारख्या दक्षिणेतल्या बंदरांत भांडी घासणं आणि मिळेल ते काम करून पोट भरणं, आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास पैशासाठी ठोसे मारायला उभं राहणं, इतकं पक्कं आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१४च्या शरदात याच मार्सेलच्या धक्क्यावर आपल्याकडचेही हजारो शिपाई उतरले होते, इंग्रजांसाठी लढायला. सिकी फ्रान्सच्या वसाहती पायदळात भरती झाला आणि शौर्याबद्दल त्याला ‘क्रुआ द गेर’ हे पदक मिळालं. अलीच्या आयुष्याशी ताडून पाहिलं तर हे उलटंच चित्र आहे. अलीने युद्धाला नकार दिला म्हणून त्याला देशद्रोही ठरवलं. सिकी युद्धावर गेला, पदक घेऊन परतला, आणि तरीही पुढे जे ऐकायचं ते त्याला ऐकावं लागलंच.

युद्धानंतरच्या तीन वर्षांत तो चाळीसहून जास्त लढती लढला आणि त्यातल्या बहुतेक जिंकला. युरोपात त्याचं नाव झालं, पण खऱ्या मोठ्या पैशाची लढत मिळेना. आणि मग १९२२ साली मिळाली ती थेट जॉर्ज कार्पेंतिएशी.

कार्पेंतिए फ्रान्सचा लाडका होता. देखणा, महायुद्धातला वैमानिक, लाईट हेवीवेटचा जगज्जेता. १९२१ साली तो अमेरिकेत जॅक डेम्प्सीशी हेवीवेटच्या किताबासाठी लढला, तेव्हा तिकिटांचं उत्पन्न इतिहासात पहिल्यांदा दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. तो चौथ्या फेरीत हरला, पण फ्रान्समध्ये त्याचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. अशा माणसाला पॅरिसच्या जनतेसमोर एक सोपा विजय हवा होता. २४ सप्टेंबर १९२२, बुफालो स्टेडियम, हजारो प्रेक्षक. समोर सिकी.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात एक शब्द आहे, नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरलेला, पैलवान नुसते अंगाला अंग लावतात आणि एक जण ठरल्या वेळी पाठ टेकतो. त्याच्या उलट काटा कुस्ती. सिकीने नंतर जाहीरपणे सांगितलं की ही लढत नुरा होती. त्याच्या मॅनेजरने सौदा केला होता, आणि ठरल्या फेरीत आडवं पडायचं त्याच्या वाट्याला आलं होतं. महासंघाने चौकशी केली आणि पुरावा नाही म्हणून हात झटकले. पण लढतीची फिल्म आजही उपलब्ध आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत सिकी फारसा मार न खाता गुडघा टेकतो, हे दिसतं. कार्पेंतिए हसतमुख, निवांत. मग कुठेतरी पारडं फिरतं. सिकीचं म्हणणं असं की मार जोराचा बसू लागला, अपमान सहन होईना, आणि त्याने ठरवलं की आता पडायचं नाही. सिकीवर मी विश्वास ठेवतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. या कबुलीतून त्याला फायदा काहीच नव्हता. ‘मी जगज्जेत्याला हरवलं’ एवढं म्हणून तो गप्प बसला असता तर त्याची कमाई वाढलीच असती.

सहाव्या फेरीत कार्पेंतिए कोसळला. चेहरा सुजलेला, उठण्याचं त्राण नाही. आणि तेव्हा पंचाने हात वर केला तो कार्पेंतिएचा! कारण काय, तर सिकीने त्याला पाय घालून पाडलं. म्हणजे सिकी नियमबाह्य, आणि जमिनीवर पडलेला माणूस विजेता. स्टेडियममध्ये बोंबाबोंब झाली. मला या प्रसंगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते की ओरडणारे लोक पॅरिसचे होते, बहुतेक गोरे होते, आणि बहुतेक कार्पेंतिएला पाहायलाच आले होते. डोळ्यांनी पाहिलं ते नाकारायला ते तयार नव्हते. अखेर परीक्षकांनी पंचाचा निर्णय फिरवला. बॅटलिंग सिकी जगज्जेता झाला, आफ्रिकेत जन्मलेला पहिला.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांचं काम सुरू झालं. चॅम्पियन आणि चिंपांझी हे दोन शब्द जोडून त्यांनी ‘चॅम्पियन्झी’ असा शब्द बनवला. तो जंगलातून आलाय, झाडावरून उडी मारल्यासारखा लढतो, वगैरे. त्याच्या स्वतःच्या मॅनेजरनेसुद्धा त्याला माकडाची उपमा दिली. सिकीने यावर दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा, की मी आयुष्यभर मोठ्या शहरांत राहिलो, जंगल मी कधी पाहिलेलंही नाही, आणि हे असं लिहिलेलं मला लागतं. सेंट लुईच्या लोखंडी पुलाबद्दल मी मघाशी लिहिलं ते यासाठी. हा माणूस फ्रेंच बोलायचा, डच बोलायचा (त्याची पहिली बायको डच होती), आणखी एक-दोन युरोपीय भाषांत त्याचं काम भागायचं. ज्या वार्ताहरांनी त्याला मुका प्राणी ठरवलं, त्यांतल्या बहुतेकांना एकच भाषा येत असावी. भाषेचा मास्तर असल्याने मला हे जरा जास्तच झोंबतं.

सिकीनेही त्यांना खाद्य पुरवलं, हे मान्य करायला हवं. तो सिंहाचा छावा घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर फिरायचा, उंची कपडे घालायचा, पैसे वाटायचा, आणि दारू पुष्कळ प्यायचा. इथे आपल्यातले काही वाचक नाक मुरडतील. ‘हा कसला मुसलमान, याच्यावर लेख कशाला?’ असा प्रश्न मला येणार हे मी गृहीत धरलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की मी त्याला वली म्हणून सादर करत नाहीये. त्याच्या नमाज-रोज्याचा हिशेब माझ्याकडे नाही आणि तो ठेवणारा मी कोण? पण आपल्याला फक्त धुतल्या तांदळासारखे नायक चालतात, आणि त्यामुळे आपला निम्मा इतिहास आपणच फेकून देतो. गोऱ्या वार्ताहरांनी त्याला जंगली म्हणून खोडलं, आपण त्याला दारुडा म्हणून खोडायचं, मग उरलं काय?

किताब मिळाल्यावर दोन महिनेही झाले नव्हते. नोव्हेंबर १९२२मध्ये एका लढतीत सिकी दुसऱ्या खेळाडूच्या मदतीला कोपऱ्यात उभा होता. तिथे बाचाबाची झाली, त्याने प्रतिस्पर्ध्याच्या मॅनेजरला मारलं असा आरोप झाला, आणि फ्रेंच महासंघाने त्याला नऊ महिन्यांसाठी निलंबित केलं. त्याच महिन्यात ब्रिटनच्या गृहखात्याने लंडनमधली त्याची जो बेकेटशी ठरलेली लढत बंद पाडली. ही लढत अल्बर्ट हॉलमध्ये डिसेंबरात व्हायची होती. गृहखात्याने दिलेलं कारण आपण नीट वाचण्यासारखं आहे : साम्राज्यात काळ्या-सावळ्या प्रजेची संख्या मोठी आहे, तेव्हा गोरा विरुद्ध काळा अशा लढतींतून नको त्या भावना भडकतील. त्या प्रजेत आपले आजे-पणजेही होते. मुंबईत किंवा मिरजेत बसलेल्या कुणाच्या मनात काय येईल, या धास्तीने लंडनमधली लढत रद्द होत होती. १९११ साली जॅक जॉन्सन या काळ्या अमेरिकन जगज्जेत्याची लंडनमधली लढतही अशीच रोखली गेली होती. तेव्हा गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल.

सिकीच्या बाजूने दोन माणसं बोलली, आणि दोन्ही नावं इतिहासात मोठी आहेत. एक ब्लेझ दियान्य, सेनेगलमधून फ्रेंच संसदेत निवडून गेलेले पहिले काळे आफ्रिकी खासदार. महायुद्धात याच दियान्य यांनी गावोगाव फिरून साठ हजारांहून जास्त आफ्रिकी तरुण फ्रेंच सैन्यात भरती करवले होते. आता त्यांनी सिकीचं प्रकरण संसदेत मांडलं आणि ही शिक्षा त्याच्या रंगाची आहे असं सांगितलं. दुसरा एक व्हिएतनामी तरुण. तो ‘ल पारिया’ नावाचं छोटं पत्र चालवणाऱ्यांत होता आणि त्यात त्याने सिकीवर लेख लिहिला. वसाहतीत काळ्यांना मारण्यासाठी गोऱ्यांना आजवर पगार मिळत आला, एकदा उलटं घडलं तर एवढा आकांत का, असा त्याचा सूर होता. हा तरुण म्हणजे पुढचे हो ची मिन्ह. आणि ‘पारिया’ हा शब्द युरोपात पोचला तो तमिळमधल्या ‘परैयर’ या जातीच्या नावावरून. जगभरच्या दबलेल्यांच्या पत्राला पॅरिसमध्ये आपल्याच देशातल्या एका अस्पृश्य जातीचं नाव मिळालं होतं.

पुढची कहाणी उताराची आहे. फ्रान्समध्ये बंदी, इंग्लंडमध्ये मज्जाव, म्हणून सिकीने किताबाची लढत घेतली डब्लिनमध्ये. प्रतिस्पर्धी आयरिश माइक मॅकटीग, तारीख १७ मार्च १९२३, म्हणजे आयरिश लोकांचा सगळ्यात मोठा सण, सेंट पॅट्रिक डे. त्यात आयर्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू होतं आणि त्या संध्याकाळी थिएटरजवळ स्फोटही झाला. वीस फेऱ्यांनंतर गुणांवर मॅकटीगला विजयी घोषित केलं. असा दिवस आणि असं ठिकाण कुठल्या मॅनेजरने कबूल केलं असेल याचं मला नवल वाटतं, पण पर्याय तरी काय होता?

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. नोव्हेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किड नॉरफोककडून हरला, १९२५च्या मार्चमध्ये पॉल बेर्लेनबाखकडून. डेम्प्सीशी लढत त्याला हवी होती, पण जॅक जॉन्सननंतर हेवीवेटच्या किताबाचं दार काळ्या खेळाडूंना बंद होतं. ते उघडायला १९३७ साल आणि जो लुई यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये सिकीचे दिवस लढतींपेक्षा भांडणं, अटका आणि उधारीत जाऊ लागले.

१५ डिसेंबर १९२५च्या पहाटे ‘हेल्स किचन’ या वस्तीत, ४१व्या रस्त्यावर त्याचं प्रेत सापडलं. पाठीत दोन गोळ्या. वय अठ्ठावीस. खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या फ्लशिंग दफनभूमीत त्याला पुरलं. १९९३ साली, सेनेगल स्वतंत्र होऊन तेहतीस वर्षं झाल्यावर, त्याचे अवशेष तिथून काढून सेंट लुईला नेले आणि तिथल्या मातीत पुन्हा दफन केले.